खैरुनने घातलेल्या अटी

सावली गावात, एका महिला संस्थेच्या केंद्रात खैरुन अकरा वर्षं नोंदी ठेवत होती: घरी मार खाल्लेल्या बायकांच्या. आधी वहीत; मग संस्थेने एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हापासून क्लाऊडवर. कोणती बाई कुठे लपवली आहे, हे सहाही केंद्रांना बसल्या जागी दिसू लागलं. सगळ्यांना त्याचं मोठं कौतुक.

चंचलचा जबडा तिच्या नवऱ्याने, निकेशने मुसळाने फोडला होता. खैरुनने तिला कुरखेड्याजवळच्या एका शिवणकेंद्रात ठेवलं. सतराव्या दिवशी खैरुन तिला भेटायला गेली, आणि भर दुपारी निकेश कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला.

"चंचल कुठी हाय?"

"इथी कोणी चंचल नाई."

तिने दार ओढून घेतलं, पण डावा हात चौकटीवरच राहिला. पहिला घाव फळीत बसला, दुसऱ्याने तिची दोन बोटं उंबऱ्यावर पडली. लाथ मारून तो आत घुसला आणि त्याने चंचलचे केस धरले. चंचलच्या हाताशी तापलेली इस्त्री होती. तिने ती त्याच्या तोंडावर दाबली आणि तो खाली पडेपर्यंत काढली नाही. पोलीस येईतो शिवणाऱ्या चार बायका त्याच्या अंगावर बसून होत्या.

पत्ता निकेशच्या मोबाईलमध्येच सापडला. त्याचा मामेभाऊ प्रणित दीड वर्षापूर्वी संस्थेचं काम सोडून गेला होता. त्याचा पासवर्ड अजून चालत होता; त्यानेच पत्ता काढून पाठवला होता. कुलूप कोणी फोडलंच नव्हतं. खैरुनला दवाखान्यात हाताच्या ठणक्यापेक्षा एकच गोष्ट जास्त छळत होती: स्वतःचा पासवर्ड तिनेही कितीदा फोनवर सांगितला होता.

कंपनीचा माणूस आला. "सिस्टीम हॅक झालेली नाही, मॅडम. आमच्याकडून चूक नाही."

"माणूस काम सोडून गेला, तर त्याचं लॉगिन कोण बंद करते?"

"ते तुम्ही कळवायचं असतं."

"हे आमाले कवा सांगतलं तुमी?"



त्याच आठवड्यात खैरुन संस्थेच्या प्रमुख अंजनाबाईंसमोर बसली आणि अटी सांगू लागली. ज्याचा त्याचा वेगळा पासवर्ड, वर मोबाईलवर येणारा आकडा. काम सुटलं की त्याच दिवशी लॉगिन बंद. कोणी काय उघडून पाहिलं, त्याची नोंद. आणि बाईचा पत्ता फक्त तिची केस पाहणाऱ्यालाच दिसावा. याहून कमी असलेलं कोणतंही सॉफ्टवेअर संस्थेने घ्यायचं नाही.

"जंगलातल्या केंद्रांत रेंज नसते गं. कामं अडतील," अंजनाबाई म्हणाल्या.

"अडू द्या बाई. रेंज नाई, तिथी पत्ता कागदावर लिहा, कपाटात ठेवा."

कंपनीने पत्त्याची अट मानली नाही. संस्थेने कंपनी बदलली.

निकेश एक डोळा गमावून तुरुंगात गेला. चंचल जिल्हा सोडून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच एका बाईच्या दिराने कुरखेड्याच्या केंद्रात सुकलूला गाठलं. सुकलू तिथे नोंदी भरायचा. पत्ता सांग म्हणून त्या दिराने त्याचं तोंड टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं, तीन दात पाडले. सुकलूने कॉम्प्युटर उघडून दाखवला. पत्त्याची जागा कोरी होती.

दवाखान्यातून त्याने खैरुनला फोन केला. सुजलेल्या ओठांमुळे शब्द नीट फुटत नव्हते.

"ताई, मले मालूमच नव्हतं, म्हणून ते वाचली. मालूम असतं, त मी सांगून देलं असतं."

"मालूम हाय मले," खैरुन म्हणाली, आणि त्याच्या बायकोला फोन द्यायला सांगितलं.