ठाण्याची पाठवणी

अर्धवट ऐकलेलं वाक्य माणसाला कुठवर नेतं म्हणता? मला ते थेट ठाण्याला घेऊन गेलं. चहा निवू द्या, मी सावकाशच सांगणार आहे.

निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर नाव पडून थोडेच दिवस झाले होते. तिथल्या इस्पितळात मी वॉर्डबॉय. रोज बदलापूर गावातून यायचो. सगळे मला मामा म्हणायचे.

एकदा मेट्रनबाईंचा चहा घेऊन दाराशी पोचलो, तर आत बाई डॉक्टरांना सांगत होत्या, "सुशीलाला ठाण्याला पाठवायचं ठरलंय. जितक्या लवकर तितकं बरं."

मी चहा दाराशीच ठेवून मागे फिरलो. आमच्याकडे पोर ऐकेनासं झालं की आई म्हणते, ठाण्याला धाडीन. म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. दुसरं ठाणं आम्हाला ठाऊकच नव्हतं!

सुशीला नर्सिंग शिकणारी, वांगणीच्या शेतकऱ्याची पोर. हुशार. सुया उकळताना एकटीच गुणगुणायची. कालपर्यंत मला ते गोड वाटायचं. आता वाटलं, अरे देवा, लक्षण तर समोरच होतं की.

जीव थाऱ्यावर राहीना. पण मी सांगितलं तिच्या वर्गातल्या एकीलाच हो, आणि कुणाला सांगू नको म्हणूनच सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुलींनी सुशीलाचा पेला वेगळा केला. संध्याकाळी वसतिगृहातली तिची खाट कोपऱ्यात सरकवली. तिच्या हाती कुणी कात्री देईना. खरूज, देवी, कशालाही न भिणाऱ्या या पोरी! एकीने मला हळूच विचारलं, "मामा, हे लागतं का हो?"

मी म्हटलं, लागत असेल. काही कळत नसलं तरी उत्तर द्यायची मला खोडच.

आमच्याकडे एक सिंधी आया होती, तिला सगळे दादी म्हणत. तिने सुशीलाचाच पेला उचलला, घटाघटा पाणी प्यायली आणि मुलींना म्हणाली, "हमारी बराक में आधे लोग नींद में चिल्लाते हैं. किस-किस का गिलास अलग करूँ?"

मुली खाली बघू लागल्या. मीही. एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला काय सांगितलं असतं? पण पायांना चैन नाही. पोरीच्या घरी कळायला हवं म्हणून दुसऱ्या दिवशी रजा काढून वांगणी गाठली आणि तिच्या भावाच्या कानावर घातलं.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. सोबत दोन चुलते आणि एक दोरखंड.

वॉर्डाच्या दारातच म्हणाला, "चल घरी. शिकणं पुरे झालं."

सुशीलाच्या हातात थर्मामीटर. "दादा, मला काय झालंय?"

चुलते दोरखंड उलगडू लागले. तिचे डोळे भरून आले, तरी थर्मामीटर हातातून सुटलं नाही. तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. दोरखंड पाहून आधी थक्क झाल्या, मग तापल्या. सुशीलाला त्या पाठवत होत्या ते मनाच्या दुखण्यांची शुश्रूषा शिकायला. अख्ख्या वर्गातून एकटी निवडलेली पोर ती!

"वेडी म्हणून कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

वॉर्डातली सगळी बोटं माझ्याकडे वळली. पेशंटांचीसुद्धा.

सुशीला एवढंच म्हणाली, "मामा, मला विचारायचंत ना."

मला बादलीत तोंड लपवावंसं वाटलं. भाऊ मात्र अडून बसला. वेड्यांच्या इस्पितळात बहिणीला एकटी धाडणार नाही म्हणाला. बाईंनी माझ्याकडे बघत त्याला सांगितलं, "एकटी कशाला? हे मामा जातील बरोबर. तीन महिने तिथे काम करतील. त्यांनाही शिकण्यासारखं आहे."

घरी येऊन बायकोला म्हटलं, "मला ठाण्याला पाठवतायत."

तिने डोळ्याला पदर लावला.

"अगं, कामाला पाठवतायत."

"सगळ्यांना असंच सांगून नेत असतील हो," ती म्हणाली आणि माझा पेला वेगळा ठेवला.

सुशीलाबाई पुढे स्वतः मेट्रन झाल्या. आणि बदलापुरात जुनी माणसं माझी ओळख अजून अशीच करून देतात, हे ठाण्याहून बरे होऊन आले. मी मान हलवतो. बरा झालो, हे काही खोटं नाही.