आखाजीआधीचा मँगो पंच

नव्वदीतल्या सुरतेत, कतारगामच्या इंग्रजी बोलायच्या क्लासात मी एकटीच खानदेशी होते. वडील लूमवर कामाला होते. माघात ते गेले. साडीच्या होलसेल दुकानात फोन घ्यायची नोकरी होती, आणि तिची गरज इतर मुलींपेक्षा मला जरा जास्तच होती. क्लासच्या निरोप समारंभाला येऊन दुकानाचे शेठ एक मुलगी निवडणार होते.

मी जिद्दीने तयारी केली. क्लासातली जाडजूड डिक्शनरी कोणी उघडत नसे, मी चाळत बसायचे. शब्दापुढे बारीक अक्षरांत त्याचं मूळ दिलेलं असे. ऑरेंज आपल्या नारिंगाच्या घराण्यातला, अरबांकडून फिरत गेलेला. मँगो दक्षिणेतला, पोर्तुगीजांनी उचललेला. आणि पंच म्हणे आपल्या पाचावरून, पाच जिन्नसांचं पेय. ज्या इंग्रजीपुढे माझी जीभ टाळूला चिकटायची, तिच्या घरात आमचीच भांडीकुंडी निघाली. मला रागही आला आणि हसूही.

समारंभाला सरांनी केला मँगो पंच. शेठनी स्वतः ग्लास पुढे केला आणि मी हात मागे घेतला. आमच्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांची घागर भरून त्यांना रसाचं पान वाढल्याशिवाय कोणी आंबा तोंडाला लावत नाही. यंदाची घागर वडिलांची होती आणि आखाजी आठवड्यावर आली होती.

एक घोट घे, नोकरीचा सवाल आहे, असं सर कानात कुजबुजले. इंग्रजी शिकली तरी गावठीच, म्हणून मागे दोघी हसल्या. शेठ म्हणाले, कारण इंग्रजीत सांग.

सांगितलं. व्याकरण गेलं खड्ड्यात.

"मँगो आमचा, पंचही आमचा. पण पहिला माझ्या वडिलांचा. ते जेवले की मी पिईन."

नोकरी दुसरीला मिळाली. गिऱ्हाइकासमोर नाही म्हणणारी मुलगी शेठना परवडणारी नव्हती. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आखाजीला तिने घागर भरली, पानावर रस वाढला आणि हात जोडून म्हणाली, "जेवा. पोरनी तुमनासाठे नोकरी सोडी."

मी तिला तिथेच अडवलं. सोडली नाही म्हटलं. त्यांच्या आधी आंबा चाखायची अट होती, ती मानली नाही. सांगायचंच तर त्यांना नीट सांग.