बनू, तू कुणाची?

उगाळलेल्या वेखंडाचा उग्र वास माझ्या बोटांना कायमचा बसला आहे. वाचा फुटावी म्हणून रोज सकाळी मधात कालवून ते मी बनूच्या जिभेवर चोळते. बनू माझं शेंडेफळ. घरात सून आल्यावर झालेली, त्यामुळे आळीतल्या बायकांनी पदराआड हसून घेतलं. बारीक तिरके डोळे, जाड जीभ, लोण्यासारखे मऊ हात. तिच्या वयाच्या पोरी गाणी म्हणत. ही 'आ' नि 'बा' यांच्या पुढे जाईना. समजत मात्र सगळं होतं. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, काम बरोबर करायची. मग आत एवढं साठलेलं बाहेर का येऊ नये? देवाने दार करून कडी बाहेरून लावली की काय!

हे रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, स्वार. वैद्य म्हणाले, हातवारे करू दिलेत तर जीभ आळशी होईल. तेव्हापासून बनूने हात उचलला की हे दटावत, "हात खाली! तोंडाने बोल." ती हात खाली सोडून ताठ उभी राही, शिपायासारखी.

मला भीती एकच. ही हरवली तर कुणाची म्हणून सांगणार?

आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत, हत्ती बघता बघता, तिचा हात सुटला. इंदरगंज बाजाराच्या गर्दीत मी घसा फोडून हाका मारल्या. पण जिला ओ देता येत नाही तिला हाक मारून काय उपयोग?

दिवेलागणीला ह्यांना ओळखणारा एक बांगडीवाला तिला घेऊन दारात आला. "बाई, नाम पूछा तो चुप. फिर मूँछ पर ताव दिया और सलाम ठोका. हम समझ गए, रिसालेवाले दादा की बिटिया है."

ह्यांचा हात तेव्हा मिशीकडेच निघाला होता. तो तिथेच थांबला.

"मामंजी, हुबेहूब तुम्हीच!" सून रडता रडता हसली.

त्यानंतर 'हात खाली' कुणी म्हटलं नाही. पण माझी झोप परत आली नाही. हे पेन्शनीत निघतील, मिशा पिकतील, ओळखणारी माणसं जातील. मग ही सलाम कुणाला दाखवणार? वेखंड चालूच आहे. नावही रोज घोकून घेते.

काल विचारलं, "बनू, तू कुणाची?" तिने मिशी पिळली नाही, माझ्याकडे बोटही केलं नाही. स्वतःच्याच छातीवर तळहात ठेवला नि माझ्याकडे बघत राहिली.

एवढ्यावर तिला घरी कोण आणून सोडेल?

मी पुन्हा विचारलं.