हनुवटीखालची सावली

आई गेली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. गळ्यातली गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. पुढच्या महिन्यात मीही एकोणपन्नास वर्षांची होईन आणि त्या एका आकड्याने वर्षभर माझ्या डोक्याचा भुगा केला आहे. ताईला त्याचं काही नाही. तिला तो आकडा ओलांडून दहा वर्षं झाली, ठणठणीत आहे.

ताईने पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओत टचिंग केलं. आधी बारीक ब्रशने निगेटिव्हवर, मग कॉम्प्युटरवर. लोकांचे तीळ, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने बिनबोभाट पुसली. तिच्या हातून सुटलेला नवरदेव त्याच्या आईलाही ओळखू येत नसे. निवृत्त झाल्यावर म्हणाली, "आता माणसाचा चेहरा रंगवायला शिकते." शेजारी ड्रॉइंगचे सर राहतात. ते म्हणाले, "आधी एखादं चांगलं चित्र जसंच्या तसं उतरवा. डोकं चालवायचं नाही, डोळे चालवायचे."

चित्र घरातच होतं. आई जाण्याच्या दोन वर्षं आधी वडिलांच्या एका चित्रकार मित्राने तिला समोर बसवून रंगवलं होतं. ताईने त्यावर उभे-आडवे दोरे ताणून चौकोन पाडले, तेवढेच कॅनव्हासवर आखले आणि एकेक चौकोन उतरवायला घेतला. मी दुपारी चहा घेऊन जायची आणि नावं ठेवायची.

तिसऱ्या आठवड्यात सर बघायला आले. डोळे किलकिले करून दोन्ही चित्रांसमोर उभे राहिले.

"हनुवटीखालची सावली कुठे गेली?"

"डाग होता तो. काढून टाकला," ताई म्हणाली. हाताला सवयच तशी.

"मूळ चित्रात आहे ना? मग काढणाऱ्या तुम्ही कोण?" असं म्हणून सर मूळ चित्राजवळ जाऊन वाकले. मग हळूच म्हणाले, "उजेड डावीकडून आलाय. नाकाची सावली बघा, उजवीकडे पडलीय. मग गळ्याच्या डाव्या बाजूला हा काळोख कशाचा? ही हनुवटीची सावली नाही. इथे फुगवटा आहे. त्याला दिसलं ते त्याने रंगवलं."

दोन वर्षं आईचं दुखणं आमच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि आम्ही त्यावरची धूळ पुसत होतो. मला त्या चित्रकाराचा राग आला, वडिलांचा आला, आणि ते इतक्या सफाईने पुसणाऱ्या ताईचा सगळ्यात जास्त आला.

सर गेल्यावर ताईने तो चौकोन खरवडला आणि पुन्हा रंगवायला बसली. मी खिडकीशी चहा पीत होते. तिने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा चित्राकडे.

"जरा मान वर कर."

"माझं चित्र नको हं काढूस."

"कर म्हणते ना. खिडकीकडे बघ." तिने सरांसारखेच डोळे किलकिले केले. "आता घोट गीळ."

मी गिळला. ताईने ब्रश खाली ठेवला, पुसलाही नाही.

"नुसती सावलीच आहे ना?" मी विचारलं. तिने हो म्हणावं म्हणून माझा जीव कासावीस झाला होता. पस्तीस वर्षं तिने प्रत्येकाला त्याला हवं तेच दिलं होतं.

"नाही," ताई म्हणाली. "चल, चप्पल घाल."