खिडकीतून पाहिलेला पाठ

११ जानेवारी, रविवार. जेवणाच्या टेबलावर पाठ-टाचणाच्या बावीस वह्या पडल्या आहेत आणि उद्यापर्यंत प्रत्येकीत माझा शेरा हवा आहे. सहा झाल्या. सातव्या वहीत ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. जे सांगणार आहे ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, कॉलेजात तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

मी कल्याणच्या एका बी.एड. कॉलेजात शिकवते, राहते डोंबिवलीत. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना आम्ही जवळपासच्या शाळांमध्ये सराव पाठ घ्यायला पाठवतो. पाठ पस्तीस मिनिटांचा. आमच्यापैकी एकीनं शेवटच्या बाकावर बसून तो पूर्ण पाहायचा आणि वहीत लिहायचं – काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय करायचं. काम एवढंच.

पण पाठ पाहणं कंटाळवाणं असतं, हे कोणी उघडपणे म्हणत नाही. तीच प्रस्तावना, तेच तक्ते, तोच थरथरणारा खडू. दहा मिनिटांत अंदाज येतो, असं आम्ही एकमेकींना सांगतो. येतोही – बऱ्याचदा. मग दहा मिनिटांनी उठायचं आणि अंदाजानं शेरा लिहायचा. मी एकटीच असं करत होते का? नाही. पण बाकीच्यांचं त्यांनी सांगावं.

आठ वर्षांपूर्वी प्रणाली नावाची मुलगी आमच्याकडे होती. कल्याणजवळच्या मोहन्याहून यायची. गणितात पक्की, आवाज लहान. डोंबिवलीच्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर तिचा पाठ होता, अपूर्णांकांची बेरीज. पुठ्ठ्याच्या पोळ्या कापून रंगवून आणल्या होत्या तिनं – अर्धी, पाव, एकअष्टमांश. मी दहा मिनिटंसुद्धा बसले नाही. तिनं फळ्यावर तारीख आणि विषय लिहिला, पहिली पोळी वर धरली, आणि मी उठले.

कारण? शिक्षकखोलीत चहा आला होता. कोणीतरी नवी पैठणी आणली होती. मी ती पैठणी मांडीवर पसरून पाहिली, काठ उलटून पाहिला, पदराबद्दल मत दिलं. त्या पैठणीकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं प्रणालीच्या पाठाकडे दिलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते. तिथेच चहा पिता पिता तिच्या वहीत लिहिलं, ‘शैक्षणिक साधनाचा वापर चांगला. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. आवाज थोडा वाढवावा.’

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. डोळे लाल.

“मॅडम, वह्या बदलल्यात बहुतेक. हा शेरा दुसऱ्या कोणाचा तरी असेल.”

मग सांगत गेली. एका मुलानं पाव पोळी खाल्ल्याचं नाटक केलं, वर्ग हसला, आणि तिथून सगळं हातातून गेलं. मुलं बाकांवरून उठली. उरलेला वेळ ती फळ्याकडे तोंड करून एकटीच गणितं सोडवत राहिली. शेवटी शेजारच्या वर्गावरच्या बाई येऊन ओरडून गेल्या.

ती तक्रार करायला आलीच नव्हती. मी बाकावर नाही हे तिला दिसलं असणार, पण ते तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त विचारायचं होतं, काय चुकलं आणि आता काय करू. हेच विचारायला तर ती आमच्याकडे शिकायला आली होती – नाही का?

एक वाक्य पुरलं असतं. अगं, मी नव्हते, उद्या पुन्हा घे, मी बसते. पण पलीकडच्या खुर्चीवर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका चहा पीत होत्या. मी म्हणाले, “तुझाच शेरा आहे तो. मी व्हरांड्यातल्या खिडकीतून सगळा पाठ पाहिला. मुद्दाम बाहेर उभी राहिले, तुला दडपण नको म्हणून.”

मुद्दाम! हा शब्द इतक्या सहज कसा सुचला? त्या वर्गाला व्हरांड्याकडे खिडकी निघाली, हे माझं नशीब.

“म्हणजे खरंच चांगला झाला?”

“झाला की. वर्गात आवाज हवाच. गप्प बसलेला वर्ग कसला?”

तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि हसली. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, हेच सांगायचं होतं. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला ठाण्यात वर्तकनगरला भावाकडे गेले होते. त्याच्या इमारतीखाली मिठाईचं दुकान आहे. काउंटरमागून हाक आली, “मॅडम! ओळखलंत का?” प्रणाली. लग्न होऊन ठाण्याला आलेली. मालकांना म्हणाली, “शेठ, या आमच्या मॅडम. कडक एकदम. सगळे टरकायचे. पण मला कायम धीर दिला.”

काजूकतली भरता भरता तिनं सगळं सांगितलं. कल्याणला एका खाजगी शाळेत दीड वर्ष नोकरी केली. वर्ग ऐकायचा नाही. “मी म्हटलं, असू दे, आवाज हवाच, मॅडमनी सांगितलंय.” कोणाला विचारलं नाही. पालकांच्या तक्रारी आल्या आणि शाळेनं पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं. “मग दुसरीकडे अर्जच नाही केला. तुम्ही चांगला म्हणालेलात तसाच शिकवत होते ना मी. तरी जमेना. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे की काय?” हे ती हसत हसत बोलत होती.

तिथे कोणी मुख्याध्यापिका नव्हत्या. घाई नव्हती. आणि मी म्हणाले, “शिकवणं सगळ्यांनाच जमतं असं नाही गं.”

सांगायचं होतं ते हे. खिडकीचं खोटं मी घाबरून बोलले होते. हे वाक्य मी शांतपणे, सगळं माहीत असताना बोलले. “हो ना,” ती म्हणाली, आणि खोक्यात दोन वड्या जास्तीच्या टाकल्या. घरी वहिनी म्हणाली, किती गोड मुलगी आहे. मी वड्या खाल्ल्या.

सोमवार, संध्याकाळ. सकाळी वह्या टेबलावर तशाच ठेवून ठाण्याला गेले. कॉलेजला उशिरा येते म्हणून फोन केला. दुकान नुकतंच उघडलं होतं, प्रणाली काच पुसत होती. मला पाहून म्हणाली, “मॅडम, एवढ्या सकाळी? पाहुणे आलेत का?”

मी म्हणाले, “प्रणाली, तुझ्या पाठाच्या वेळी मी खिडकीत नव्हते. शिक्षकखोलीत बसले होते. तुझा पाठ मी पाहिला नाही. शेरा खोटा होता. आणि भाऊबीजेला तुला जे बोलले, ते हे माहीत असताना बोलले.”

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. ती म्हणाली, “मग खरं काय? मला जमण्यासारखं होतं की नव्हतं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. “मी पाहिलंच नाही.”

एक गिऱ्हाईक आलं. अर्धा किलो शेव. ती तराजूकडे वळली. मी पायऱ्या उतरून बसस्टॉपवर गेले.