चार सेकंदांचा ठेका

नागपूरच्या एका डीजेवर चिडून मी आमच्या ग्रुपवर लांबलचक पोस्ट टाकली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मीच चोर निघाले.

मी ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत बनवते. शेजारच्या बाई पाहुण्यांना सांगतात, "मॅडम डीजे करतात." मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. असा उद्योग करणारे आमच्याकडे बरेच आहेत आणि त्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. आपण बनवलेलं तिथे टाकायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, आणि त्यातला एखादा तुकडा आवडला तर कापून आपल्या गाण्यात लावायचा. याला आम्ही सॅम्पल घेणं म्हणतो. 'घेणं' हा फार सोयीचा शब्द आहे.

तर त्या डीजेने वीज केंद्राच्या भोंग्याचा आवाज घेतला होता. तो मी गच्चीवर उन्हात उभी राहून रेकॉर्ड केला होता, आणि त्याने माझा उल्लेखही केला नव्हता. मी पोस्टमध्ये मेहनत, प्रामाणिकपणा वगैरे सगळं काढलं. नवरा ड्यूटीवरून आला, पोस्ट वाचली आणि म्हणाला, "भोंगा तुझा कधीपासून झाला? तो तं आमच्या पॉवर हाऊसचा होय."

"भोंगा तुमचा, रेकॉर्डिंग माझं," मी म्हटलं.

"बरं बाप्पा," म्हणून तो आंघोळीला गेला.

डीजेने माफी मागितली, माझं नाव टाकलं. मी खूश. आणि मग नागभीडहून एक मेसेज आला.

"मॅडम, तुमची पोस्ट वाचली. एकदम पटली. आता एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या लग्नाच्या गाण्यात जो टक-टक ठेका हाये, तो माह्या गाण्यातून कापला तुमी. ते वाजवणं माह्या आईचं हाये."

खोटं बोलायला जागाच नव्हती. तो तुकडा कुठून कापला ते मला लख्ख आठवत होतं. त्या माणसाचं नागभीडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तोही फावल्या वेळात गाणी बनवायचा. त्याच्या एका गाण्यात मधेच चार सेकंद धातूवर धातू आपटल्याचा असा झकास ठेका होता, की मी तो उचलला, वेग वाढवला, खाली ढोल भरला. ते गाणं लग्नाच्या वरातींत धडाधड वाजायला लागलं. विचारावं असं मनात आलं होतं. पण विचारलं आणि तो नाही म्हणाला तर? म्हणून विचारलं नाही. एवढं साधं कारण होतं.

मी लिहिलं, "भाऊ, चूक झाली. येऊन बोलू का?" रविवारी सकाळी मी चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडीत बसले. सिंदेवाहीपर्यंत मनातल्या मनात माफीची तीन भाषणं तयार करून झाली होती.

तो स्टेशनवर घ्यायला आला होता. तिशीतला, बारीक, बोलताना चष्मा पुसत राहणारा. मी भाषण सुरू केलं तर म्हणाला, "मले काय सांगता, आईले सांगा."

आई अंगणात विळी घेऊन मासे कापत बसल्या होत्या. तलावातली मासोळी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात घालून त्या गल्लोगल्ली विकतात. ओरडून घसा बसतो म्हणून गंजाच्या काठावर तराजूचं लोखंडी माप वाजवतात. तोच माझा ठेका.

मी म्हटलं, "बाई, तुमचा आवाज मी न विचारता घेतला."

त्यांनी वर पाहिलं. "माहा आवाज? मी तं ओरडतच नाई."

मुलाने मोबाइलवर माझं गाणं लावलं. बाईंनी हातातली मासोळी तशीच धरून ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "हे कोनं बिघडवलं? शेवटचा ठोका कुठी गेला?"

तो ठोका मीच काढला होता. चार मात्रांच्या मापात बसत नव्हता म्हणून.

बाईंनी मग शांतपणे समजावलं. दोन ठोके म्हणजे झिंगे आहेत. घासून ओढलेले दोन म्हणजे मरळ आहे. आणि शेवटी एक मोकळा ठोका, म्हणजे माल आजचा, ताजा. "तो नाई वाजवला तं बाया समजतेत कालची मासोळी हाये. मंग दारच नाई उघडत."

म्हणजे सगळ्या वरातींत मी कालची मासोळी विकत होते! मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. बाई नाही हसल्या. त्या मुलाकडे वळल्या.

"अन् तू काऊन दात काढून राह्यला? तू तरी मले कुठी विचारलं? मी धंदा करून राह्यली, अन् तू मागून मोबाइल धरून होता."

तो चष्मा पुसायला लागला. "आई, घरचंच तं होतं."

"घरचं म्हून काय झालं?"

बाईंनी विळी उचलली आणि मला विचारलं, "जेवून जाशीन ना?"

जेवताना ठरलं ते असं. गाण्याखाली त्याचं नाव येईल, कारण कापला त्याच्या गाण्यातून. बाईंना नाव नको होतं. "गल्लीतल्या बाया हासतीन," म्हणाल्या. 'नागभीडच्या मासोळीवाल्या बाईंचा ठेका' एवढं चालेल. आणि शेवटचा ठोका परत घालायचा. त्याला मात्र पर्याय नव्हता.

घरी येऊन मी ठोका घातला. गाणं लंगडायला लागलं. चारचं पाच झालं, ढोल एकीकडे, ठेका दुसरीकडे. दोन आठवडे खपून ते कसंबसं जुळवलं आणि जुनं काढून नवं टाकलं. बाईंनी ऐकून "आता बरोबर" असा निरोप पाठवला. वरातवाल्यांना ते अजिबात आवडलं नाही. मूल गावच्या एका लग्नात मी डीजेला नवीन लावायला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, याच्यात लोकायचे पाय अडकतेत." आणि पेनड्राइव्हमधलं जुनंच लावलं. ते आता कुठे कुठे पोचलंय, मी परत आणू शकत नाही. याचं अजूनही वाईट वाटतं.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत मी माझी सगळी गाणी उघडून बसले आणि कुणाकुणाचं काय घेतलंय ते शोधून एकेकाला लिहिलं. एकाने चांगलं झापलं. त्याचं बरोबरच होतं. गडचिरोलीच्या एकाने लिहिलं, "कोणता आवाज म्हणता? आठवत नाई. मीबी कोनाचा तरी घेतला असन." दोघांचा पत्ताच लागला नाही. त्यांचे तुकडे मी काढून टाकले. एका गाण्यात त्यामुळे मधेच भलीमोठी रिकामी जागा पडली आहे. भरायला दुसरं काही सापडतं का, ते अधूनमधून पाहते. अजून तरी मनासारखं मिळालेलं नाही.