घड्याळवालीचा बारावा हप्ता

"आमच्या सूनबाई स्वतःच्या लग्नालाही दोन तास आधी येऊन बसल्या होत्या," सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या. घड्याळवाली डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायची, "आणि तुमचे चिरंजीव उशिरा उगवले, तेही सांगा की!"

अशा बाईच्या नशिबी चोर आला तो मात्र वेळेचा वैरी. दुकान फोडून त्याने तिचं बारीक चाकं कातायचं यंत्र नेलं आणि भंगारात फुंकलं. तेव्हापासून बिचारी नुसते पट्टे बदलत बसलेली. कोर्टाने भरपाई ठरवली: बारा हप्ते, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कोर्टाच्या खिडकीवर, दुपारी बाराच्या आत. एक जरी चुकला तर चोर तुरुंगात. मग नव्या यंत्राचे पैसे कोण देणार, तुरुंगाच्या भिंती?

अकरा हप्ते धापा टाकत पोचले. शेवटच्याला दगाफटका नको म्हणून रविवारी तिने शोकेसमधलं गजराचं घड्याळ त्याच्या खोलीवर नेऊन दिलं. "उशीर केलास तर याद राख!"

सोमवारी पावणेबारा झाले. खिडकीपाशी ती आहे, चोराचा पत्ता नाही! दोन गल्ल्या पळत तिने त्याचं दार गाठलं. हा बाबा गालाला साबण फासून शीळ घालतोय!

"अरे मेल्या, बारा वाजायला आले!"

"छे हो ताई, दहा दहा! तुमचंच घड्याळ. रात्री बघितलं, दहा दहा. म्हटलं, झोपायची वेळ. सकाळी उठलो, परत दहा दहा! काय बिनचूक चालतं!"

तिने कपाळावर हात मारला. दुकानात मांडलेली घड्याळं दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवायची, काटे ऐटीत दिसतात, ही धंद्याची रीत. चावी द्यायची तीच विसरली होती!

"पैसे घे आणि पळ!" त्याने पैशांबरोबर घड्याळही खिशात कोंबलं.

पुढे अर्धा गाल साबणाचा, मागे चपला हातात घेतलेली बाई. "धरा, धरा!" कुणीतरी ओरडलं.

"धरू नका!" ती किंचाळली. "सोडा त्याला, माझा चोर आहे तो!"

खिडकीची झडप खाली येत होती. चोराने मध्ये कोपर घातलं. कारकुनाने पैसे मोजले, पावती फाडली. "बाराला एक मिनिट कमी. साबण पुसा."

घड्याळवाली पावती छातीशी धरून जमिनीवरच बसली आणि हसत सुटली. चोराने खिशातून घड्याळ काढलं. "हे घ्या परत. बंद पडलंय."

"चावी दे की शहाण्या! ठेव तुलाच."

"फुकट नको. हप्त्याने देतो."

झडपेआडून कारकून ओरडला, "इथे नाही हं!"